कानाजवळची गाठ : लाळग्रंथींच्या दुर्मिळ साध्या गाठी आणि त्यांचे निदान

(मंडळाच्या वतीने मिरजगाव, ता. कर्जत येथे झालेल्या आरोग्य प्रबोधन सभेतील भाषण)



आरोग्याच्या सभेत बहुधा रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय आणि व्यसनमुक्ती हे विषय असतात. ते महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलणारे अधिकारी वक्तेही पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आज थोडा आडवाटेचा विषय निवडला आहे. कानापुढे, कानाच्या पाळीखाली, जबड्याखाली किंवा टाळूवर येणारी गाठ हा तो विषय होय.

आम्ही रोग्याची नाडी पाहणारे डॉक्टर नव्हे. आम्ही पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतितज्ज्ञ. रोग्याच्या अंगातून सुईने काढलेल्या पेशी किंवा शस्त्रक्रियेने काढलेली गाठ आमच्याकडे येते. ती आम्ही काचपट्टीवर घेतो, रंगवितो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतो की ही गाठ कशाची आहे. रोग्याने आमचे तोंड क्वचितच पाहिलेले असते. पण आमच्या कागदावरच्या दोन ओळींवर त्याचे पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून त्या दोन ओळी कशा तयार होतात आणि त्या बरोबर यायच्या असतील तर रोग्याने आणि त्याच्या घरच्यांनी काय करावयास हवे, हे सांगण्यासाठी आम्ही इथे आलो आहोत.

लाळ येते कोठून?

तोंडात लाळ येते हे सर्वांना ठाऊक आहे. ती कोठून येते, हे फारसे कोणी विचारीत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ही लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढे आणि कानाच्या पाळीखाली असते ती पॅरोटिड. जबड्याच्या हाडाखाली असते ती दुसरी, आणि जिभेखाली असते ती तिसरी. याशिवाय ओठ, गालाची आतली बाजू आणि टाळू यांत मिळून सहाशे ते हजार अगदी लहान ग्रंथी पसरलेल्या असतात. म्हणून लाळग्रंथीची गाठ केवळ कानाजवळच येते असे नाही. ती वरच्या ओठातही येते आणि टाळूवरही येते.

आता एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आधारलेले आहे. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी नस कानामागून कवटीतून बाहेर पडते आणि थेट पॅरोटिड ग्रंथीत शिरते. तेथे तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, गाल फुगविणे, हसणे, ओठ खाली ओढणे ही सर्व कामे या फांद्या करतात. झाडाची मुळे मातीत असावीत तशा या फांद्या ग्रंथीत असतात. गाठ मातीत, आणि मुळे तिच्या आजूबाजूला. गाठ काढताना मुळे तुटली तर तोंड वाकडे होते आणि डोळा उघडा राहतो. म्हणून ‘एवढीशी तर गाठ आहे, चिरून टाकू’ असे जे कोणी म्हणतात, त्यांनी आधी या नसेची आठवण ठेवावी.

प्रत्येक गाठ ही अर्बुद नव्हे

आपल्या भागात कानाखाली सूज आली की पहिला तर्क गालगुंडाचा असतो. लहान मुलाला ताप येऊन दोन्ही गाल सुजले असतील तर तो तर्क बहुधा बरोबरही ठरतो. मानेत एकापाठोपाठ एक गाठी आल्या की जुनी माणसे गंडमाळ म्हणतात. ती बहुधा क्षयाची असते आणि नेमाने औषध घेतल्यास बरी होते. जेवायला बसले की जबड्याखाली टणक सूज यावी आणि तासाभराने उतरावी, असे वारंवार होत असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकला असण्याचा संभव असतो. लाळेचे खडे दहांपैकी आठ वेळा जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात.

अर्बुदाची चाल वेगळी असते. ती गाठ बहुधा एकाच बाजूला असते, दुखत नाही, तापाशी आणि जेवणाशी तिचा संबंध नसतो. ती हळूहळू वाढते, इतकी हळू की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. हरभऱ्याएवढी होती, बोराएवढी झाली, मग लिंबाएवढी झाली, आणि यात पाच-सहा वर्षे जातात. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो. आमचे सांगणे याच्या उलट आहे. दुखणारी गाठ माणसाला दवाखान्यात नेते. न दुखणारी नेत नाही, म्हणून तिच्याकडे आपण होऊन लक्ष द्यावयास हवे.

या गाठींपैकी वाईट किती? ढोबळ हिशेब असा आहे. लाळग्रंथींच्या दहा अर्बुदांपैकी सात-आठ पॅरोटिडमध्ये येतात आणि पॅरोटिडच्या दहांपैकी सुमारे आठ साधी, म्हणजे कर्करोग नसलेली असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे होते. जिभेखालच्या ग्रंथीत अर्बुद क्वचित येते, पण आले तर ते बहुधा कर्करोगाचेच असते. थोडक्यात, ग्रंथी जितकी लहान तितका संशय मोठा. म्हणून टाळूवरची लहानशी गाठसुद्धा ‘दाताची असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

नेहमीच्या दोन आणि क्वचितच्या अनेक

साध्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती मिश्र गाठ. तिला डॉक्टर प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा म्हणतात. लाळेची नळी बनविणाऱ्या पेशी आणि त्या नळीला बाहेरून आवळून लाळ पुढे ढकलणाऱ्या पेशी, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी तिच्यात असतात. त्यांच्यामध्ये बुळबुळीत किंवा कुर्चेसारखा पदार्थ असतो. तो पदार्थ काचपट्टीवर दिसला की आमचे काम बरेच सोपे होते.

दुसरी वॉर्थिनची गाठ. अमेरिकेतील विकृतितज्ज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९२९ साली तिचे वर्णन केले म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ती जास्त होते आणि कित्येकदा दोन्ही बाजूंना होते. तिच्यात लसिका पेशींची दाटी असते आणि मध्ये पाणी साठते. अशा गाठीत सुई चुकीच्या जागी शिरली तर नुसते पाणी आणि लसिका पेशी येतात, आणि ती गंडमाळ वाटू शकते. दोन्ही बाजूंच्या गाठींसाठी सहा महिने क्षयाची औषधे खाऊन गाठी होत्या तशाच राहिलेले विडी ओढणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांच्या गाठीच्या घट्ट भागातून पुन्हा सुई घेतली, तेव्हा वॉर्थिनच्या पेशी स्पष्ट दिसल्या. औषधाने गाठ उतरत नसेल तर औषध वाढविण्याआधी निदान पुन्हा तपासावे, हा त्यातला धडा.

या दोन झाल्या की उरतात त्या दुर्मिळ साध्या गाठी. त्यांतील प्रत्येकीचे प्रमाण शंभरात एक, दोन, फार तर तीन. बेसल सेल ॲडिनोमा ही एकाच ठेवणीच्या, लहान आणि गडद पेशींची बनलेली असते. मिश्र गाठीतला तो कुर्चेसारखा पदार्थ तिच्यात नसतो. मायोएपिथेलिओमा ही नळीला आवळणाऱ्या पेशींचीच गाठ. ती पॅरोटिडमध्ये येते तशी टाळूवरही येते. ऑन्कोसायटोमा बहुधा उतारवयात होते. तिच्या पेशी शक्ती तयार करणाऱ्या सूक्ष्म कणांनी इतक्या भरलेल्या असतात की रंगविल्यावर त्या लालसर दाणेदार दिसतात. कॅनालिक्युलर ॲडिनोमा वयस्कर स्त्रियांच्या वरच्या ओठात होते आणि कधी कधी एकीच्या शेजारी दुसरी, अशा अनेक असतात. याखेरीज चरबीची गाठ, नसेच्या वेष्टनाची गाठ आणि तान्ह्या मुलांत रक्तवाहिन्यांची गाठ, याही लाळग्रंथीत येऊन बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने या गाठींचे वर्गीकरण प्रथम १९७२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९९१, २००५ आणि २०१७ साली ते सुधारून वाढविण्यात आले, आणि त्यानंतर पाचवी आवृत्तीही आली. दर वेळी नावे बदलतात, नव्या गाठींची भर पडते. शरीराच्या एवढ्याशा अवयवात इतक्या जातींच्या गाठी होतात, अशी दुसरी जागा क्वचितच असेल. म्हणूनच लाळग्रंथीची काचपट्टी आली की अनुभवी विकृतितज्ज्ञही खुर्ची पुढे ओढून बसतो.

दुर्मिळ गाठ फसविते ती कशी?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाठ साधी आहे आणि दुर्मिळ आहे, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. चिंता अशासाठी, की या दुर्मिळ साध्या गाठींची रूपे काही कर्करोगांशी फार जुळतात. बेसल सेल ॲडिनोमा आणि ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या दोघांच्या पेशी सुईच्या तपासणीत सख्ख्या बहिणींसारख्या दिसू शकतात. पहिली गाठ आपल्या आवरणात शांत बसलेली असते. ती पूर्ण काढली की बहुतेकांचा प्रश्न तेथेच मिटतो. दुसरी नसेच्या कडेकडेने सरकत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा फुफ्फुसात निघू शकते. ऑन्कोसायटोमासारख्या लालसर दाणेदार पेशी काही कर्करोगांतही दिसतात. टाळूवरच्या मायोएपिथेलिओमाच्या पेशी कधी कधी प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात आणि तपासणाऱ्याला भलत्याच वाटेला नेतात.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. साधीला कर्करोग म्हटले तर चांगली नस कापली जाईल, नको असलेली किरणे दिली जातील, आणि घरावर जे सावट येईल ते वेगळेच. कर्करोगाला साधी म्हटले तर रोग आत राहून जाईल.

एक उदाहरण सांगतो. रोग्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपल्याच बाजूच्या एका ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील बाई, वय पन्नाशीच्या आतले. डाव्या कानाखाली सहा वर्षांपासून गाठ. दर साली दिवाळीनंतर टोळी कारखान्याला निघायची आणि गाठीचे ‘होळीनंतर बघू’ व्हायचे. मध्यंतरी तिच्यावर बिब्बा लावून झाला होता, त्याचा व्रण कातडीवर राहिलेला होता. शेवटी सुईची तपासणी झाली. काचपट्टीवर लहान गडद पेशींचे पुंजके होते. आम्ही अहवालात लिहिले की लाळग्रंथीचे अर्बुद आहे, पेशी बेसल सेल प्रकारच्या आहेत, साधे की वाईट हे सुईवरून सांगता येत नाही, गाठ आवरणासकट काढून तपासावी.

घरी पोहोचेपर्यंत या तीन ओळींचा एकच शब्द झाला : कॅन्सर. मुलीचे लग्न ठरलेले होते. सोयऱ्यांना कळेल म्हणून कागद पेटीत गेला. बाईंनी ‘माझं काय व्हायचं ते होऊ द्या, आधी पोरीचं उरकून घ्या’ असे सांगितले. गावच्या आशाताईंनी दोन महिन्यांनी विचारपूस केली म्हणून तो कागद बाहेर आला. त्यांनी बाईंना आणि त्यांच्या थोरल्या दिरांना आमच्याकडे आणले. आम्ही अहवाल वाचून दाखविला आणि ‘सांगता येत नाही’ याचा अर्थ ‘आहे’ असा होत नाही, हे समजावून सांगितले. पुढे शस्त्रक्रिया झाली. सर्जनने नसेच्या पाचही फांद्या जपून, ग्रंथीच्या वरच्या भागासकट अखंड गाठ काढली आणि ती पूर्णच्या पूर्ण आमच्याकडे पाठविली. आम्ही तिच्या कडेचे अनेक काप घेतले. आवरण सगळीकडे शाबूत होते, कोठेही पेशी बाहेर शिरलेल्या नव्हत्या, नसेला विळखा नव्हता. निदान झाले बेसल सेल ॲडिनोमा. साधी गाठ. किरणे नाहीत, सुया नाहीत. मुलीच्या लग्नात बाई हसताना त्यांचे तोंड सरळ होते.

या हकिकतीत यंत्राची करामत नाही. अहवालात खरे लिहिले गेले, ते कोणीतरी समजावून सांगितले, आणि गाठ अखंड आमच्या हाती आली. या तीनपैकी एक जरी गोष्ट झाली नसती तर निदान चुकले असते किंवा झालेच नसते.

निदानाची वाट

म्हणून निदानाची वाट कशी असते ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी हाताने तपासणे. डॉक्टर गाठ चाचपतात, हलते की चिकटलेली आहे ते पाहतात, तोंड उघडायला लावून टाळू आणि घशाची बाजू पाहतात, आणि डोळे मिटायला, दात दाखवायला सांगतात. हे दात दाखविणे गमतीसाठी नसते, ती नसेची परीक्षा असते. गाठ आहे आणि चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली आहे, ही धोक्याची खूण. गाठ एकाएकी भराभर वाढणे, दुखू लागणे, कातडीला चिकटणे, फुटून जखम होणे आणि मानेत दुसऱ्या गाठी येणे, याही धोक्याच्या खुणा. यांतील एकही दिसली तर एक दिवसही घालवू नये.

दुसरी पायरी सोनोग्राफी. तिच्यात किरण नसतात, खर्च कमी आणि माहिती पुष्कळ. गाठ ग्रंथीत आहे की शेजारच्या लसिका ग्रंथीत, घट्ट आहे की पाण्याची, हे कळते. गाठ खोल असेल किंवा संशय असेल तर एम.आर.आय. करावा लागतो. प्रत्येकाला तो लागतोच असे नाही.

तिसरी पायरी सुईची तपासणी, म्हणजे एफ.एन.ए.सी. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेतात. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे स्वीडनमधील डॉक्टरांनी ती नावारूपाला आणली. लोकांत समज आहे की सुई लावली की गाठ चवताळते. बारीक सुईच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे. भीती बाळगावी ती चाकूची. कानाजवळच्या गाठीला वरून चीर देऊन तुकडा काढणे, किंवा पू असेल म्हणून ती फोडणे, हे टाळावे. मिश्र गाठीचे आवरण फुटले की तिच्या पेशी आजूबाजूला सांडतात आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी मोत्यांच्या सरासारख्या अनेक गाठी उगवतात. पूर्वी नुसती गाठ खरवडून काढीत, तेव्हा ती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण फार मोठे होते. दुसऱ्यांदा काढताना नसेला धोका कितीतरी जास्त असतो.

सुईच्या तपासणीचा अहवाल कसा लिहावा, यासाठी २०१८ साली मिलान पद्धत नावाची एक जागतिक रीत प्रसिद्ध झाली आणि २०२३ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात सहा गट आहेत. पेशी पुरेशा आल्या नाहीत, अर्बुद नाही, नक्की सांगता येत नाही, अर्बुद आहे, कर्करोगाचा संशय आहे आणि कर्करोग आहे. यांतील चौथ्या गटाचे दोन भाग आहेत. एक साधे अर्बुद, दुसरा अर्बुद नक्की पण साधे की वाईट हे सांगता येत नाही. आपल्या आजच्या विषयातील दुर्मिळ गाठी बहुतेक या दुसऱ्या भागात पडतात. साधे अर्बुद असा अहवाल आला तर पुढे कर्करोग निघण्याचा संभव शंभरात पाचाहून कमी. दुसऱ्या भागात तो साधारण तिनांत एक. म्हणजे तिघांपैकी दोघांची गाठ साधीच निघते. पण कोणत्या दोघांची, हे गाठ काढल्यावरच कळते.

चौथी आणि निर्णायक पायरी म्हणजे काढलेल्या संपूर्ण गाठीची तपासणी. सुईने आम्हांला पेशी दिसतात, कुंपण दिसत नाही. घरातली माणसे दिसली, पण ती कुंपण ओलांडून शेजारच्या रानात घुसली आहेत की नाहीत, हे कडेचा काप पाहिल्यावरच कळते. साधी आणि वाईट यांतला फरक अनेकदा त्या कुंपणावरच ठरतो. तरीही शंका राहिली तर पेशींतील ठरावीक प्रथिनांना रंग देणाऱ्या खास चाचण्या करतात, त्यांवरून पेशी कोणत्या कुळातल्या हे कळते. मोठ्या केंद्रांत जनुकांचीही तपासणी होते. उदाहरणार्थ, मिश्र गाठीत पी.एल.ए.जी.१ नावाच्या जनुकाची उलथापालथ वारंवार सापडते.

शस्त्रक्रियेनंतर काय होऊ शकते, तेही आधीच माहीत असावे. चेहऱ्याला काही आठवडे किंवा महिने अशक्तपणा येऊ शकतो, बहुतेकांचा तो भरून येतो. कानाची पाळी बधिर राहू शकते. काहींना जेवताना त्या गालावर घाम येतो. पोलंडमधील लुसिया फ्राय या स्त्री-डॉक्टरांनी १९२३ साली याचे नीट वर्णन केले. लाळेच्या ग्रंथीकडे जाणाऱ्या तुटलेल्या बारीक नसा वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात, म्हणून असे होते. लुसिया फ्राय या ज्यू होत्या आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहारात त्यांचा बळी गेला. त्यांचे नाव मात्र या लक्षणाला जगभर कायम राहिले.

आपल्या भागातले दाखले

इतके सगळे आपल्या कोरडवाहू भागात कसे व्हायचे, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायाच आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्या हातून गाव बाळंतपण करून घेऊ लागले. माणसाला शिकविले तर ते शिकते, हे त्या कामाने जगाला दाखविले.

दुसरा दाखला बार्शीचा. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. भारतातील अशी ही पहिलीच ग्रामीण नोंदणी. बार्शी तालुक्याबरोबर भूम आणि परांडा हे आपल्याला जवळचे तालुकेही तिच्यात आले. कार्यकर्ते गावोगाव हिंडले, सभा घेतल्या, धोक्याच्या खुणा सांगितल्या. पुढे असे दिसले की गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक पडला तो गावातल्या बोलण्याने.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्करोगाच्या नोंदवहीत लाळग्रंथीच्या साध्या गाठी लिहिल्या जात नाहीत, कारण त्या कर्करोग नसतात. म्हणजे शासनाच्या मोजणीत या रोग्यांना जागा नाही. ज्याची मोजणी नाही त्याची मोहीमही निघत नाही. म्हणून हे काम मंडळासारख्या संस्थांनी आणि आपण सर्वांनी अंगावर घ्यावयाचे आहे.

काय करावे, काय करू नये

आता थोडक्यात कामाच्या गोष्टी सांगतो. महिनाभर राहिलेली कोणतीही गाठ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. तेथून कर्जतच्या किंवा नगरच्या शासकीय रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी. नगरजवळ विळद घाट येथे आणि लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पुण्याला ससून आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ, सर्जन आणि विकृतितज्ज्ञ हे तिघे जेथे एका छताखाली असतील तेथे जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना आधी भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते विचारून घ्यावे.

गाठीवर बिब्बा लावू नये, डाग देऊ नये, लेप लावून ती चोळू नये. कोणी ‘इथल्या इथे काढून देतो’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणावे.

गाठ काढल्यावर ती तपासणीला जाते आहे ना, हे विचारण्याचा रोग्याला हक्क आहे. काढलेली गाठ फॉर्मेलिन नावाच्या द्रावणात, तेही गाठीच्या दहापट द्रावणात, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी लागते. ती साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवली तर पेशी कुजतात आणि आमचे डोळे असून उपयोग होत नाही. गाठ फेकून दिली की तिच्याबरोबर निदानही फेकले जाते. काही शे रुपये वाचविण्यासाठी ‘तपासणी नको’ म्हणू नये, ही हात जोडून विनंती.

आमच्याकडे त्या गाठीचे मेणात बसविलेले ठोकळे असतात. ते वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असेल तर ठोकळे आणि काचपट्ट्या मागून घेता येतात. तसे मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. दुर्मिळ गाठीच्या बाबतीत तर दुसरे मत घेणे हीच चांगली रीत होय. अहवालाचे सर्व कागद प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. कारखान्यावर जाताना पिशवी बरोबर न्यावी. गाठ साधी निघाली तरी सांगितलेल्या तारखांना दाखवायला जावे, कारण मिश्र गाठ काही वर्षांनी पुन्हा येऊ शकते. आणि ती न काढता दहा-पंधरा वर्षे तशीच ठेवली तर तिच्यात कर्करोग उद्भवण्याचा संभव वर्षागणिक वाढत जातो.

शेवटी एक विनंती. ‘सांगता येत नाही’ असे लिहिलेला अहवाल हाती आला तर घाबरू नये आणि डॉक्टरला काही येत नाही, असेही समजू नये. जे दिसले तेवढेच सांगावे, जे दिसले नाही ते ठासून सांगू नये, हाच आमच्या शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. तो कागद म्हणजे पुढच्या तपासणीला बोलावणारी चिठ्ठी आहे. ती पेटीत ठेवू नये. आपल्या वस्तीत कोणाच्या घरी असा कागद पडून असेल तर त्याला उद्याच बाहेर काढायला सांगावे, आणि तो माणूस एकटा जायला भीत असेल तर आपल्यापैकी एकाने त्याच्याबरोबर एस.टी.त बसावे. आजच्या सभेतून एवढे जरी झाले तरी आमचे येणे सार्थकी लागले, असे आम्ही समजू.



जय भीम!